टेकू काढणाऱ्यांना उत्तर

आतड्याचा जुनाट दाह म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे दोन रोग. त्यांच्याबद्दल आपल्याकडच्या सुशिक्षित घरांत एक मत आता सिद्धांतासारखे बोलले जाते. आधुनिक औषधे लक्षणे दाबतात, आयुर्वेद मुळावर घाव घालतो. तेव्हा मेसालामाइन आणि स्टेरॉइड सोडून द्यावीत. पथ्य, योगासने, ताक, कुटज, हळद आणि बस्ती यांनी अग्नी सुधारावा, की रोग समूळ जातो. हे मत मांडणारे सगळे भोंदू नाहीत. त्यांत पदवीधर वैद्य आहेत, खरोखर बरे वाटलेले रुग्ण आहेत, तरण्या मुलाच्या शौचात रोज रक्त पाहून हवालदिल झालेले आईबाप आहेत. म्हणूनच या मताला हसून चालणार नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे.

चरकाने विमानस्थानात वादाचे दोन प्रकार सांगितले आहेत. समोरच्याबरोबर सत्य शोधणारी ती संधाय संभाषा, समोरच्याला पाडण्यासाठी केलेली ती विगृह्य संभाषा. मी पहिली पत्करतो. मात्र मी आयुर्वेदाच्या विरुद्ध बाजूला उभा नाही. माझी तक्रार अशी आहे की ज्या ग्रंथांच्या नावाने हे मत सांगितले जाते, त्या ग्रंथांवरच ते अन्याय करते. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, आणि तोही त्याच्या सर्वांत बळकट रूपात.

स्टेरॉइडची किंमत जबर असते, हे खरे आहे. चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर चढते, झोप उडते. चरक आणि वाग्भट दोघेही सांगतात की जो प्रयोग एक व्याधी शमवून दुसरी उठवतो तो शुद्ध चिकित्सा नव्हे. पूर्वपक्षाचे हे प्रमाण खणखणीत आहे. दुसरे, आधुनिक वैद्यकाला या रोगांचे एकच असे कारण सापडलेले नाही. जनुके, आतड्यातले जीवाणू, आहार, परिसर आणि बिघडलेली प्रतिकारयंत्रणा यांची गुंतागुंत एवढेच ते सांगते. ज्याला कारण ठाऊक नाही तो मूळ कसे उपटणार, हा प्रश्न रास्त आहे. तिसरे, देशी उपायांच्या बाजूने प्रयोगही उभे आहेत. स्पेनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत झालेले १०५ रुग्ण घेतले. काहींना मेसालामाइन दिले, काहींना इसबगोलाचे बी, काहींना दोन्ही. वर्षभरात रोग उलटण्याचे प्रमाण मेसालामाइनवाल्यांत ३५ टक्के, इसबगोलवाल्यांत ४० टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांत ३० टक्के निघाले. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. हळदीतल्या कर्क्युमिनचे प्रयोग तर याहून नजरेत भरणारे आहेत. आणि चौथे, सर्वांत प्रभावी प्रमाण म्हणजे चालताबोलता माणूस: गोळ्या सोडल्या, पथ्य धरले, आज तीन वर्षे झाली, रक्ताचा थेंब नाही.

यांपैकी एकही मुद्दा मी खोटा म्हणत नाही. या मुद्द्यांतून जो निष्कर्ष काढला जातो, तो खोटा आहे.

सुरुवात ‘समूळ’ या दाव्यापासून करू, कारण सारी इमारत त्यावर उभी आहे. प्रत्येक रोग मुळापासून जाऊ शकतो आणि जन्मभर औषध लागणे म्हणजे चिकित्सेचा पराभव, असे आयुर्वेद म्हणतो का? मुळीच नाही. सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात चरक रोगांचे चार वर्ग करतो: सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य. त्यांतला याप्य वर्ग नीट पाहावा. आयुष्य शिल्लक आहे म्हणून पथ्याच्या आधाराने जो धरून ठेवता येतो, ज्यात आराम थोडाच मिळतो आणि क्षुल्लक कारणाने जो लगेच उसळतो, तो याप्य. अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रूप ज्याने रुग्णाच्या तोंडून ऐकले आहे त्याने सांगावे, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शब्दांत यापेक्षा अचूक वर्णन कसे केले असते? महिनोन्महिने शांतता, मग एक प्रवास, एक परीक्षा, एक साधा जंतुसंसर्ग किंवा डोकेदुखीवर घेतलेली वेदनाशामक गोळी, आणि पुन्हा दिवसाला दहा वेळा रक्त आणि आव.

सुश्रुत याच कल्पनेला दृष्टांत देतो. पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला टेकू जसा सावरून धरतो, तशी योग्य क्रिया याप्य रोग्याला धरून ठेवते. टेकू लावल्याने घर नवे होत नाही. पण टेकू आहे तोवर घरात माणसे राहतात, स्वयंपाक होतो, लेकरे वाढतात. टेकू लावणाऱ्याला कोणी म्हणेल का, की तू भेगा बुजवल्या नाहीस म्हणून तुझा टेकू खोटा? आणि भेगा बुजण्याआधी टेकू काढणाऱ्याला काय म्हणावे?

वाग्भटाची साक्ष आणखी थेट आहे. सुश्रुताने ज्यांना महागद, म्हणजे महारोग, म्हटले त्या आठ रोगांत ग्रहणी, म्हणजे आतड्याचा जुनाट विकार, नाही; तिथे मूढगर्भ, म्हणजे अडलेला गर्भ, आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या निदानस्थानात ही यादी पुन्हा दिली, तेव्हा मूढगर्भाला वगळून ग्रहणीला जागा दिली आणि हे आठही तरून जाण्यास अत्यंत कठीण असल्याचे सांगितले. ज्या आचार्याने आतड्याच्या जुनाट विकाराला वातव्याधी, कुष्ठ आणि प्रमेह यांच्या पंक्तीत बसवले, त्याचे नाव घेऊन ‘नव्वद दिवसांत समूळ’ अशी हमी देणे हा त्याचा सन्मान आहे का? निर्णयसागर छापखान्याने १९४१ साली काढलेली, यादवजी त्रिकमजी आचार्यांनी शोधून सिद्ध केलेली चक्रपाणीच्या टीकेसह चरकसंहिता मुंबईतच छापली गेली. ती जाड प्रत आजही ग्रंथालयांत मिळते. तिचा आधार घेणाऱ्यांनी तिच्या सूत्रस्थानाचा दहावा अध्याय उघडावा, एवढेच मागणे आहे.

आता कोणी म्हणेल, ग्रहणी म्हणजेच अल्सरेटिव्ह कोलायटिस हे तुम्ही गृहीत धरलेत. मी धरलेले नाही, आणि इथेच पूर्वपक्षाची दुसरी चूक आहे. रक्तातिसार, पित्तज अतिसार, प्रवाहिका, ग्रहणी या सर्वांची लक्षणे या आधुनिक रोगाशी कुठे ना कुठे जुळतात. पूर्णपणे एकही जुळत नाही. चरकाने स्वतःच सांगून ठेवले आहे की सर्व विकारांना ठरलेली नावे नाहीत, आणि नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये. दोष, स्थान आणि कारण पाहून उपचार करावा. केवढा हा प्रामाणिकपणा! त्याच्या वारसांनी मात्र शौचात रक्त दिसले की नाव ठरवायचे आणि पाठ केलेला कल्प सुरू करायचा, हे कसे चालेल?

हा प्रश्न आपल्या देशात तर जिवावरचा आहे. क्रोन्स आणि आतड्याचा क्षय यांचे रूप इतके सारखे असते की कोलोनोस्कोपी, बायोप्सी आणि स्कॅन करूनही अनुभवी तज्ज्ञ चकतात. क्षयाला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर क्षय पेटतो. क्रोन्सला क्षय समजून सहा महिने क्षयाची औषधे दिली तर तेवढ्या काळात आतडे आकसते. आणि दोहोंनाही ‘अग्निमांद्य’ म्हणून ताकावर ठेवले तर? पांढऱ्या कुड्याचे पाळ, म्हणजे मूळ, उगाळून देण्याची कोकणातली रीत मी तुच्छ मानत नाही. चरकाने कुटजाच्या सालीला कफ, पित्त आणि रक्त यांचा स्राव धरणाऱ्या द्रव्यांत अग्रस्थान दिले आहे, आणि त्या सालीतले कोनेसिन हे द्रव्य आधुनिक काळातही अमिबाच्या आमांशावर वापरले गेले. पण अमिबाचा आमांश बरा होतो तो अमिबा मेल्याने. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मारायला अमिबा नसतो. रक्त दोन्हीकडे पडते एवढ्यावरून रोग एक ठरत नाही, आणि एका रोगातले यश दुसऱ्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

आता प्रयोगांकडे वळू. इथे पूर्वपक्षाने पुरावा अर्धाच वाचला आहे.

कर्क्युमिनचा सर्वांत गाजलेला प्रयोग २०१५ सालचा. सौम्य ते मध्यम कोलायटिस असलेले ५० रुग्ण. त्यांतल्या २६ जणांना रोज तीन ग्रॅम कर्क्युमिन दिले, २४ जणांना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध. चार आठवड्यांनी पहिल्या गटातले निम्म्याहून अधिक जण रोगमुक्त अवस्थेत होते, दुसऱ्या गटातला एकही नाही. विलक्षण निकाल आहे, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण हे पन्नासही जण मेसालामाइनची पूर्ण मात्रा घेत होते. कर्क्युमिन त्या मात्रेच्या जागी दिले नव्हते, तिच्या जोडीला दिले होते. २००६ साली जपानमधल्या ८९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचेही तेच. सहा महिन्यांत रोग उलटण्याचे प्रमाण कर्क्युमिनवाल्यांत पाच टक्क्यांहून कमी, बाकीच्यांत वीस टक्क्यांच्या घरात. आणि दोन्ही गटांची नेहमीची औषधे चालूच. ज्या प्रयोगात एकानेही गोळी सोडली नाही, त्या प्रयोगावरून ‘गोळी सोडा’ हा सल्ला कसा निघतो? तर्कशास्त्राच्या कोणत्या नियमाने?

मात्रेचाही विचार करावा. दिल्लीच्या एम्समध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज ४५० मिलिग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिले. काही उपयोग झाला नाही. आता सांगलीच्या पेठेतली उत्तम हळद घ्या. शंभर ग्रॅम हळदीत कर्क्युमिन साधारण तीन ते पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा हळद दुधात घातली तर पोटात जाते ते शंभर-दीडशे मिलिग्रॅम. म्हणजे जी मात्रा निष्फळ ठरली तिच्याही तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. हळदीचे दूध खुशाल प्यावे. पण त्या प्रयोगाचे नाव या पेल्याला देऊ नये.

सालई गुग्गुळाची, म्हणजे शल्लकीची, कथा अशीच बोधक आहे. सातपुड्यात आणि विदर्भाच्या माळांवर हे झाड ओळखीचे. जम्मूमध्ये १९९७ साली झालेल्या अभ्यासात शल्लकीच्या निर्यासाने ८२ टक्के रुग्ण सुधारले आणि सल्फासालाझिन या आधुनिक औषधाने ७५ टक्के. हा आकडा आजही मोठ्या अक्षरांत सांगितला जातो. तुलनेचा गट अगदीच लहान होता, हे सांगितले जात नाही. २०११ साली जर्मनीत क्रोन्सच्या रुग्णांवर वर्षभराचा, दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून केलेला प्रयोग झाला, आणि रोग शांत ठेवण्यात शल्लकी निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली नाही, हे तर कानावरही येत नाही. आपल्याला रुचणारा आकडा ठेवायचा आणि न रुचणारा टाकायचा, याला प्रमाणविचार म्हणत नाहीत.

इसबगोलाच्या प्रयोगाचे काय? तो मी मानतो. पण तो बियांचा होता, बाजारात भुशी म्हणून मिळणाऱ्या सालीचा नव्हता. आधीच शांत झालेल्या कोलायटिसचा होता, पेटलेल्या नव्हे. आणि क्रोन्समध्ये आतडे अरुंद झाले असेल तर फुगणारा हाच चोथा मार्ग बंद करू शकतो. इसबगोलाचा वर्षानुवर्षे निर्यात व्यापार करणाऱ्या गुजरातच्या शेजारी आपण राहतो, ते द्रव्य आपल्या घरातले आहे. म्हणूनच त्याच्या मर्यादाही आपल्यालाच चांगल्या ठाऊक हव्यात.

‘नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही’ हा पूर्वपक्षाचा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद. चरकाला तो मान्य नाही. न जाणलेले औषध विष, शस्त्र, अग्नी आणि वज्र यांच्यासारखे घात करते, आणि नीट योजलेले तीव्र विषही उत्तम औषध होते, हे सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायातले मत आहे. ‘वनस्पती’ आणि ‘रसायन’ असा भेद तिथे नाही. जाणून दिलेले आणि न जाणता दिलेले, हाच भेद आहे.

याचे ठसठशीत उदाहरण जपानने दिले. नीळ देणाऱ्या वनस्पतींच्या पानांपासून बनणारी एक भुकटी चिनी परंपरेत शतकानुशतके वापरात आहे. जपानी रुग्ण ती स्वतःच विकत घेऊन खाऊ लागले होते. संशोधकांनी तिची रीतसर परीक्षा घेतली. ८६ रुग्ण, आठ आठवडे. रोज दोन ग्रॅम घेणाऱ्यांतले ८१ टक्के सुधारले. निष्क्रिय औषधावर १३.६ टक्के. इतका स्पष्ट निकाल महागड्या जैविक औषधांनाही क्वचित मिळतो. परंपरेचा हा निर्विवाद विजय होता. आणि तरीही तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. कारण प्रयोगाबाहेर ही भुकटी सहा महिने स्वतःच्या मनाने घेतलेल्या एका रुग्णाच्या फुप्फुसांच्या रोहिण्यांतला रक्तदाब धोकादायक वाढल्याचे समोर आले. डिसेंबर २०१६ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने इशारा दिला. आता वाचकांनी सांगावे: एक व्याधी शमवून दुसरी उठवणारा प्रयोग शुद्ध नव्हे, हा वाग्भटाचा निकष फक्त स्टेरॉइडलाच लावायचा का? लावायचा तर सर्वांना लावा. नीळ वनस्पतीजन्य आहे, प्राचीन आहे, परिणामकारक आहे, आणि घातकही आहे. चारही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला तर या रोगात उलटाच आहे. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते. ती आपल्याच आतड्यावर चालून गेलेली असते. गुळवेलीचा काढा सरसकट देणाऱ्यांनी २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेले सहा रुग्णांचे वृत्त वाचावे. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले ते रुग्ण होते आणि इजेचे रूप शरीराने स्वतःवरच केलेल्या हल्ल्यासारखे होते. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली, वनस्पतीची ओळख नीट पटवली होती का, असे विचारले. हरकत रास्त असेल. पण मग काढा पिणाऱ्या घरोघरच्या माणसाने वेलीची ओळख कोणाकडून पटवून घेतली आहे? पर्पटी कल्पांचेही तेच. ग्रहणीवर त्या नामांकित आहेत, आणि त्यांत पारा व गंधक यांची कज्जली असते. त्या कोणी, कशा बनवल्या, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली, हे न विचारता ‘जडीबुटी’ म्हणून गिळणे शास्त्राला धरून नाही.

राहिला बरा झालेला माणूस. त्याच्या साक्षीचा मी आदर करतो. पण त्याची उलटतपासणी व्हायला हवी.

१९५५ साली इंग्लंडमध्ये ट्रुलव्ह आणि विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २१० रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. कॉर्टिसोन घेणाऱ्यांतले ४१ टक्के सहा आठवड्यांत रोगमुक्त अवस्थेत आले. ते न घेणाऱ्यांतले १६ टक्के. पहिल्या आकड्याने स्टेरॉइडचे युग सुरू झाले, पण आपल्या वादासाठी दुसरा आकडा मोलाचा आहे. शंभरातले सोळा जण परिणामकारक औषधाशिवायही शांत झाले! हा रोगाचा स्वभावच आहे. तो चढतो आणि ओसरतो. त्या सोळांना त्याच सहा आठवड्यांत कोणी कुटजारिष्ट दिले असते, कोणी उपवास घातला असता, कोणी गंडा बांधला असता, तर प्रत्येकाने श्रेय तिकडेच दिले असते. आणि उरलेले चौऱ्याऐंशी? ते साक्ष द्यायला उभे राहत नाहीत. त्यांतले काही शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतात, मोठे आतडे काढून टाकण्यासाठी.

शिवाय रक्त थांबले म्हणजे आतडे भरून आले, असे नाही. लक्षणे गेली तरी अस्तराखाली दाह धुमसत राहू शकतो. शौचातले कॅलप्रोटेक्टिन मोजले की तो दिसतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या क्रोन्सच्या एका मोठ्या अभ्यासात एका गटाचे उपचार केवळ लक्षणे पाहून ठरवले, दुसऱ्याचे कॅलप्रोटेक्टिन आणि रक्तातली दाहाची खूण पाहून. आतडे भरून येण्याचे प्रमाण पहिल्या गटात ३० टक्के, दुसऱ्यात ४६ टक्के. आणि हा लपलेला दाह निरुपद्रवी नसतो. वर्षानुवर्षे तो तसाच राहिला तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून रोग सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी ठरावीक अंतराने कोलोनोस्कोपी सांगितली जाते. लक्षणे दाबण्याचा आरोप कोणावर होता, ते आठवावे. लक्षणे गेली एवढ्यावरून रोग गेला असे जाहीर करणारा पक्ष नेमका कोणता?

गोळ्या थांबवून पाहावे का, हा प्रश्न आधुनिकांनीही विचारला आहे. शिकागोत कोलायटिस शांत असलेल्या ९९ रुग्णांचा मागोवा घेतला. मेसालामाइन नेमाने न घेणाऱ्यांत रोग उलटण्याचा धोका नेमाने घेणाऱ्यांच्या पाचपटीहून अधिक निघाला. फ्रान्स-बेल्जियममधल्या ११५ क्रोन्स रुग्णांचे इन्फ्लिक्सिमॅब हे जैविक औषध देखरेखीखाली थांबवले. वर्षभरात सुमारे ४४ टक्क्यांचा रोग परतला. म्हणजे काहींचे थांबवता येते, हेही त्यातून दिसते. पण कोणाचे, कधी, काय मोजून, हे तिथे ठरवले जाते. आणि स्टेरॉइड? आजचे कोणतेही जबाबदार मार्गदर्शन ते रोग शांत ठेवण्यासाठी कायम द्यायला सांगत नाही. पेटलेला दाह विझवायचा आणि उतरत्या मात्रेने सोडायचे. ते एका दिवसात बंद केले तर दीर्घकाळ निजलेल्या अधिवृक्क ग्रंथी वेळेवर जाग्या होत नाहीत. रुग्ण कोसळू शकतो, दगावू शकतो. ‘आजपासून इंग्रजी औषध बंद’ हे वाक्य ज्याच्या तोंडून निघते, त्याला या एका गोष्टीची जाणीव नसेल तर त्याने या रुग्णाला हात लावू नये. इथे मला सौम्य शब्द सापडत नाही.

मग दुसरा, म्हणजे आधुनिक वैद्यकाचा, पक्ष निर्दोष आहे का? नाही, आणि त्याचेही माप घेतले पाहिजे. ‘आहाराचा काही संबंध नाही, काहीही खा’ हे वाक्य कित्येक रुग्णांनी तज्ज्ञांच्या तोंडून ऐकले आहे. ते चूक आहे. लहान मुलांच्या क्रोन्समध्ये नेहमीचे जेवण पूर्ण थांबवून सहा ते आठ आठवडे केवळ द्रव पोषणावर ठेवणे हा आज पहिल्या फळीतला उपचार आहे, स्टेरॉइडच्या तोडीचा. एम्सच्या संशोधकांनी २०२२ साली ६६ कोलायटिस रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला निरोगी दात्यांच्या मलातले जीवाणू आणि दाहशामक आहार दिला, दुसऱ्याची औषधे अधिक काटेकोर केली. आठ आठवड्यांनी पहिल्या गटातले ६० टक्के शांत होते, दुसऱ्यातले ३२. त्यानंतर आहार चालू ठेवणाऱ्यांतल्या चौथ्या हिश्श्याचे आतडे वर्षाअखेरीसही शांत होते. धूम्रपान सोडणे हा क्रोन्समध्ये औषधाइतका मोलाचा उपाय आहे. जर्मनीत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा आठवडे योग करणाऱ्या कोलायटिस रुग्णांचे जगणे सुसह्य झाल्याचे दिसले. रुग्णाने पथ्याविषयी विचारले आणि तज्ज्ञाने हात झटकले, तर तो रुग्ण दुसऱ्या दारी जाणारच. तिथे त्याचे ऐकून घेतले जाते. पूर्वपक्षाच्या लोकप्रियतेचे निम्मे श्रेय तरी मी या हात झटकण्याला देतो.

पण यातून काय सिद्ध होते? आहार, विहार आणि देशी द्रव्ये यांना या रोगात खरे स्थान आहे, हे. ते स्थान औषधाच्या शेजारी आहे. पुरावा जिथे जिथे बळकट आहे तिथे तिथे तो ‘जोडीला’ म्हणतो, ‘ऐवजी’ म्हणत नाही. अपवाद लहान मुलांच्या द्रव पोषणासारखे मोजके, आणि तेही मोजमाप आणि देखरेखीसह.

शेवटचा आक्षेप: मग आयुर्वेदाकडे स्वतःचे असे काय उरले? पुष्कळ उरले. चरकाने अतिसारचिकित्सेत पिच्छाबस्ती सांगितली आहे. सावरीचे ओले देठ कुशाने गुंडाळून, वर काळी माती लिंपून शेणीच्या आगीत भाजायचे, कुटून दुधात कालवून गाळायचे, त्यात तेल, तूप आणि ज्येष्ठमधाचा कल्क घालून तो बुळबुळीत बस्ती गुदमार्गाने द्यायचा. ज्या रोगात व्रण गुदापासून सुरू होऊन वर चढतात, त्यात औषध थेट व्रणावर पोचवण्याची ही सुज्ञ योजना आहे. मेसालामाइनचा एनिमा आज त्याच वाटेने दिला जातो, आणि तोंडाने व गुदमार्गाने अशा दोन्ही वाटांनी दिलेले औषध एका वाटेपेक्षा सरस ठरते, हे सिद्ध झाले आहे. मेसालामाइनचीच कथा पाहा. स्वीडनच्या नाना स्वार्ट्झ यांनी संधिवातासाठी सल्फासालाझिन घडवले. त्यातला नेमका कोणता अंश आतड्यावर काम करतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९७७ साली आझाद खान आणि ट्रुलव्ह यांनी त्याचे घटक वेगवेगळे करून गुदमार्गाने दिले, आतड्याचे अस्तर आधी आणि नंतर तपासले, आणि उत्तर मिळाले. पिच्छाबस्तीसाठी हेच करायला कोणी अडवले आहे? मेसालामाइन घेत असलेले सौम्य रोगाचे रुग्ण घ्या. निम्म्यांना पिच्छाबस्ती, निम्म्यांना साध्या दुधातुपाचा बस्ती. कोणाला काय दिले हे तपासणाऱ्याला कळू देऊ नका. बारा आठवड्यांनी कॅलप्रोटेक्टिन मोजा, दुर्बिणीतून अस्तर पाहा. आपल्या राज्यात आयुर्वेद महाविद्यालये आहेत, त्यांना जोडलेली रुग्णालये आहेत, आणि रुग्णांची तर वाण नाही. पंजाबमध्ये झालेल्या पाहणीत लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला होता.

पूर्वपक्षाला माझे एवढेच आव्हान आहे. ज्यांच्या गोळ्या तुम्ही थांबवल्या, त्या सर्वांची यादी ठेवा, बरे झालेल्यांची तेवढी नव्हे. वर्षभराने प्रत्येकाचे कॅलप्रोटेक्टिन किती होते ते लिहा. किती जण पुन्हा पेटले, किती जणांना रक्त चढवावे लागले, किती जणांचे आतडे काढावे लागले, तेही लिहा. ती वही उघडी करा. तिच्यात जे निघेल ते मी मान्य करीन.